खाशाबा जाधव : एका ऋणाची कथा

विजयी खेळाडूची मिरवणूक काढण्याची कला आपल्या समाजाला चांगलीच अवगत आहे. त्याच खेळाडूच्या प्रवासखर्चाची तरतूद विजयापूर्वी करण्याची कला मात्र आपण अद्याप पुरती आत्मसात केलेली नाही. या दोहोंमधील अंतर किती महागात पडते याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे कुस्तीगीर खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र होय. २०२६ हे त्यांचे जन्मशताब्दीचे साल. शताब्दीच्या निमित्ताने पुतळे, हार आणि भाषणे होतच असतात. त्यांत गैर काही नाही. पण या चरित्राकडे केवळ एका पराक्रमी मल्लाची गाथा म्हणून न पाहता, एका ऋणाचा आणि त्याच्या परतफेडीचा हिशेब म्हणून पाहिले, तर त्यातून शिक्षकाने, कारकुनाने आणि विद्यार्थ्यानेही काही घ्यावे असे पुष्कळ हाती लागते.

रत्नागिरी जिल्ह्यातून कुंभार्ली घाट चढून गेले की पलीकडे कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाड लागते. या कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर या लहानशा गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांतील ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नाणावलेले मल्ल होते आणि कुस्तीचे पहिले धडे खाशाबांना घरातच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात १९४० ते १९४७ या काळात त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. हा काळ सातारा जिल्ह्याच्या इतिहासातील धामधुमीचा काळ. १९४२ च्या आंदोलनात या शाळकरी पोराने भूमिगतांना आसरा देण्याच्या आणि पत्रके पोहोचविण्याच्या कामात आपला वाटा उचलला. पुढे ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना लाभले.

कोल्हापुरात कुस्तीला जे वैभव होते ते आपोआप निर्माण झालेले नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय लावली आणि परदेशच्या प्रवासात पाहिलेल्या रोमच्या प्राचीन रंगमंडलाची आठवण ठेवून खासबागेचे भव्य मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही दीर्घ मुदतीची गुंतवणूक होती. महाराज १९२२ साली निवर्तले, पण त्यांनी पेरलेले पुढे पंचवीस-तीस वर्षे उगवत राहिले. खाशाबा हे त्याच पिकातले एक कणीस होते.

मातीकडून गादीकडे

खाशाबांचा बांधा लहान. प्रथमदर्शनी त्यांच्याकडे पाहून कोणी दबून जावे असे त्यांच्यात काही नव्हते. शक्तीपेक्षा चपळाई आणि चपळाईपेक्षा डोके ही त्यांची मिळकत होती. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला भिरकावून देणारा ‘ढाक’ हा डाव ही त्यांची खासियत. मात्र त्यांचे खरे वेगळेपण डावापेक्षा त्यांच्या शिकण्याच्या वृत्तीत होते आणि त्याची कसोटी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लागली.

आपली कुस्ती तांबड्या मातीच्या हौद्यातली. त्या मातीत तेल, ताक, हळद मिसळून ती मऊ केलेली असते. तेथे पाठ लागली की हार. बाकी गुणांची भानगड नाही आणि बहुधा घड्याळाचीही नाही. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तेथे वेळ मोजलेली, पंच तीन, पकडीपकडीला हिशेब. पाठ न लागताही माणूस हरू शकतो. मातीत पाय रुततो, गादीवर तो निसटतो. बालपणापासून मातीत वाढलेल्या खाशाबांना या दुसऱ्या जगाचा सराव जवळजवळ नव्हताच. तरीही लंडनमध्ये फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना अवघ्या काही मिनिटांत हरविले, अमेरिकेच्या बिली जर्निगन यांनाही नमविले आणि इराणच्या मन्सूर रईसी यांच्यापुढे ते पराभूत झाले. शेवटी त्यांना सहावा क्रमांक मिळाला. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांच्यातील गुण हेरून त्यांना जे थोडेफार शिकविले, ते त्यांनी कायमचे पदरात बांधून घेतले.

सहावा क्रमांक ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. एखाद्याने तेवढ्यावर समाधान मानून उरलेले आयुष्य हारतुऱ्यांत घालविले असते. खाशाबा मात्र परतले ते आपले उणे काय हे नेमके ओळखून. वयाच्या बाविसाव्या वर्षी, नावलौकिक झालेला असताना, पुन्हा पहिलीच्या बाकावर बसण्याची तयारी त्यांनी दाखविली. गादीचे नियम, गुणांची पद्धत, वेळेचा हिशेब हे सारे त्यांनी नव्याने शिकण्यास घेतले. पुढची चार वर्षे या तयारीत गेली आणि या चार वर्षांत त्यांनी वरच्या वजनगटातही उडी घेतली. मल्लविद्येचा पहिला धडा हाच असावा : अंगात मुरलेले कौशल्य बाजूला ठेवून नवे शिकणे हे प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटण्यापेक्षा अधिक कठीण असते.

राजाश्रय गेला, लोकाश्रय आला नाही

लंडनच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. हेलसिंकीच्या वेळी ती सोय उरली नव्हती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ही घटना स्वागतार्हच होती आणि कोणीही सुज्ञ माणूस ते चक्र उलटे फिरवा असे म्हणणार नाही. पण संस्थानाबरोबर एक खर्चाचे खातेही बंद झाले. मल्ल, गवई, चित्रकार यांना संस्थानिक जे देत, ते देण्याची जबाबदारी आता नव्या शासनाकडे आली होती; आणि नव्या शासनापुढे फाळणीचे निर्वासित, अन्नधान्याची टंचाई, पहिली पंचवार्षिक योजना असे डोंगराएवढे प्रश्न उभे होते. खेळाडूच्या तिकिटासाठी त्याच्या अंदाजपत्रकात रकाना नव्हता.

संस्थांचा इतिहास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अखिल भारतीय क्रीडा परिषद १९५४ साली स्थापन झाली. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आणि अर्जुन पुरस्कार ही दोन्ही १९६१ ची. भारतीय क्रीडा प्राधिकरण १९८४ चे. म्हणजे खाशाबा ज्या वर्षी हेलसिंकीला गेले त्या १९५२ साली यांपैकी एकही अस्तित्वात नव्हते. राजाश्रय संपला होता आणि लोकाश्रय संघटित व्हायचा होता. या दोन्हींच्या मधल्या खिंडीत हा सव्वीस वर्षांचा तरुण एकटा सापडला होता.

त्यात निवडीचा प्रश्न आला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपणास जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला, अशी खाशाबांची तक्रार होती. ते रडत बसले नाहीत, की वृत्तपत्रांतून कोणावर चिखलफेकही त्यांनी केली नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि केवळ एक संधी मागून घेतली : पुन्हा एकदा कुस्ती लावावी. ती लागली, खाशाबांनी ती जिंकली आणि निवड पक्की झाली. अन्यायाचे निवारण भाषणाने न करता आखाड्यात करण्याचा हा मार्ग सर्वांनाच उपलब्ध असतो असे नाही. पण ज्याला उपलब्ध आहे त्याने तोच पत्करावा, हे मल्लाला शोभणारे होते.

निवड झाली, पण पैसा? खाशाबा आणि त्यांचे स्नेही दारोदार फिरले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांनी, कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांनी यथाशक्ती रकमा दिल्या. सरकारकडून मिळालेली मदत अपुरी होती. शेवटची मोठी खिंड लढविली ती त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

या घटनेपाशी क्षणभर थांबले पाहिजे. १९५२ सालचे सात हजार रुपये ही पगारदार माणसाच्या दृष्टीने किती मोठी रक्कम होती याची कल्पना त्या पिढीतील कोणाही निवृत्त शिक्षकाच्या घरात विचारली तर येईल. परतफेडीची हमी नाही, तारण म्हणून दुसऱ्याचे काही नाही, पदकाची शाश्वती तर मुळीच नाही. कारण तोवर कोणाही भारतीयाने स्वतंत्र देशासाठी वैयक्तिक पदक आणलेलेच नव्हते. कोणतीही बँक असा व्यवहार करणार नाही आणि तिने करूही नये. जोखमीचे मोजमाप करून कर्ज देणे हे बँकेचे काम. पण जेथे जोखीम मोजताच येत नाही तेथे फक्त विश्वास उरतो आणि तो विश्वास एका शिक्षकाने विद्यार्थ्यावर टाकला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत भांडवलाचे अनेक प्रकार दिलेले असतात. त्यांत या प्रकाराला नाव नाही.

हेलसिंकीची गादी

हेलसिंकीत खाशाबा बॅंटमवेट म्हणजे ५७ किलो वजनाच्या गटात फ्रीस्टाइल कुस्तीसाठी उतरले. कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्दो बसूर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ या तिघांना त्यांनी मागे टाकले. मग गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. ही कुस्ती दीर्घकाळ चालली आणि गुणांवर इशी विजयी झाले. त्यानंतर लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव यांच्याशी खाशाबांना लढावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम असताना ती त्यांना मिळाली नाही आणि त्यांच्या वतीने हरकत घेण्यास भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता, असे या प्रसंगाविषयी आजवर सांगितले जात आले आहे. थकलेल्या शरीराने ते लढले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. सुवर्ण इशींना, रौप्य ममदबेयोव यांना.

त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. म्हणजे पदक त्यांच्याही हातातून थोडक्यात निसटले. एकाच नगरीतले दोन मल्ल जगातल्या पहिल्या चारांत, ही शाहू महाराजांच्या गुंतवणुकीची जणू शेवटची मोठी प्राप्ती होती. पण त्या वर्षी भारतीय हॉकी संघानेही सुवर्णपदक जिंकले होते आणि हॉकीच्या सुवर्णापुढे कुस्तीचे कांसे देशाच्या नजरेत फारसे भरले नाही.

येथे इशी यांची हकीकत लक्षात घेण्याजोगी आहे. ते मूळचे ज्यूदोचे खेळाडू. महायुद्धातील पराभवानंतर जपानवर अंमल करणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शाळांतून युद्धकला शिकविण्यास बंदी केली, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. हेलसिंकीत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक. पण ज्या ज्यूदोने त्यांना घडविले तो कसा वाढला होता? १८८२ साली त्याची पहिली शाळा काढणारे कानो जिगोरो हे शिक्षणतज्ज्ञ होते. शिक्षक घडविणाऱ्या तोक्योतील मोठ्या संस्थेचे ते प्रमुख होते. १९२२ साली ओकिनावातून तोक्योस येऊन कराटेचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविणारे फुनाकोशी गिचिन हेही पेशाने शाळामास्तरच. जपानने आपल्या युद्धकला राजवाड्यांच्या आणि सरदारांच्या अंगणातून उचलून शाळेच्या पटांगणात आणल्या. त्यामुळे सरदार गेले तरी कला राहिली. आपल्याकडे तालीम एकीकडे आणि शाळा दुसरीकडे अशीच विभागणी राहिली. तालमीत जाणारा मुलगा अभ्यासात मागे आणि अभ्यासू मुलगा तालमीपासून दूर, असे जणू ठरूनच गेले. या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात खर्ची घातले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण स्वतःच्या मुलाने तसे केले तर आपल्यापैकी किती जण ते खपवून घेतील? हायस्कूल, महाविद्यालय आणि आखाडा यांना एकत्र सांधणारे खाशाबा म्हणूनच अपवाद ठरतात.

परतफेड

पदक घेऊन परतलेल्या खाशाबांची कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे वाजले, गावोगावचे लोक लोटले. हे कोणाही माणसाच्या डोक्यात जावे असे कौतुक होते. परंतु खाशाबांच्या डोक्यात दुसराच हिशेब होता. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची दंगल भरविली, स्वतः लढले आणि त्यातून आलेला पैसा प्राचार्यांच्या हाती देऊन त्यांचे घर सोडवून दिले.

त्यांच्या सबंध आयुष्यातील सर्वांत मोठी कुस्ती कोणती असे विचारले तर अनेकजण हेलसिंकीकडे बोट दाखवतील. मला मात्र ही दुसरी कुस्ती अधिक मोठी वाटते. पदक जिंकणे हा शक्तीचा आणि कौशल्याचा विजय आहे. पदक जिंकल्यावर, जगाने डोक्यावर घेतलेले असताना, पुन्हा लंगोट चढवून शिक्षकाच्या घराची कागदपत्रे सोडविण्यासाठी मातीत उतरणे हा चारित्र्याचा विजय आहे. सर्व युद्धकलांच्या थोर आचार्यांनी शरीराच्या बळापेक्षा मनाच्या घडणीला वरचे स्थान दिले आहे. त्याचा याहून स्वच्छ दाखला शोधूनही सापडणार नाही.

खाशाबांनी आपले ऋण असे फेडले. समाजाने आणि शासनाने त्यांचे ऋण कसे फेडले, हा हिशेब मात्र इतका स्वच्छ नाही. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. सत्तावीस वर्षे नोकरी करून, पोलीस खात्यातील अनेक तरुणांना कुस्तीचे शिक्षण देऊन, ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. उत्तरायुष्य ओढग्रस्तीत गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांना ना अर्जुन पुरस्कार लाभला, ना एखादी ‘पद्म’ पदवी. सन २००० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीगृहाला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून २०२४ पासून साजरा करण्यास प्रारंभ केला. हे सर्व योग्यच झाले. पण कर्जाची परतफेड ऋणको जिवंत असताना करावयाची, की धनको गेल्यावर त्याच्या तसबिरीपुढे, हा प्रश्न मनातून जात नाही.

या दिरंगाईची किंमत केवळ एका कुटुंबाने मोजली असे समजणे ही भूल ठरेल. खाशाबांनंतर भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राला तर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी तब्बल ७२ वर्षे वाट पाहावी लागली. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातलेच आणि शिक्षकाचेच चिरंजीव, हा योगायोग मनोज्ञ आहे. पण ७२ वर्षांचे अंतर हा योगायोग नव्हे. एका पिढीने आपल्या वीराची जी अवस्था पाहिली, तीवरून पुढच्या पिढीतील आईबापांनी मुलाला कुठल्या वाटेला लावायचे ते ठरविले. माणसे उपदेशावरून नव्हे, तर शेजाऱ्याच्या अनुभवावरून निर्णय घेतात.

काळ बदलला आहे हे मान्य केले पाहिजे. २०१४ पासून केंद्र शासनाने ऑलिंपिकच्या संभाव्य पदकविजेत्यांसाठी स्वतंत्र योजना राबविण्यास सुरुवात केली. परदेशी प्रशिक्षण, साहित्य, आहार यांवर आता खर्च होतो. परंतु अशा योजनेचा लाभ मिळतो तो ज्याचे नाव आधीच वरपर्यंत पोहोचले आहे त्याला. गोळेश्वरच्या मुलाचे नाव वर पोहोचेपर्यंतचा जो पल्ला आहे, त्या पल्ल्यात आजही आईवडील, गावकरी आणि एखादा शिक्षक हेच त्याचे शासन असते. तालुक्याच्या गावी एक बरे प्रशिक्षण केंद्र, शाळेच्या वेळापत्रकात कागदावर नव्हे तर पटांगणावर दिसणारा व्यायामाचा तास, जिल्ह्याच्या पातळीवर चमकलेल्या मुलाला मागण्याआधी मिळणारे प्रवासभाडे : या मागण्या मोठ्या नाहीत. एका भव्य सत्कार समारंभाच्या मांडवखर्चात यांतल्या कित्येक भागू शकतील.

शिक्षकाने आपले घर गहाण ठेवावे अशी अपेक्षा कोणी करू नये. जो समाज आपल्या गुणी मुलांसाठी एखाद्या सज्जनाच्या त्यागावर विसंबून राहतो, तो त्या सज्जनाचा गौरव करीत नसून आपली जबाबदारी त्याच्या अंगावर ढकलीत असतो. पण ती व्यवस्था उभी राहीपर्यंत, वर्गातील मागच्या बाकावर बसलेल्या, अंगाने किरकोळ पण नजरेने तरतरीत मुलाकडे नीट पाहणारा कोणीतरी असला पाहिजे. आणि ज्याच्याकडे असे पाहिले गेले त्या विद्यार्थ्याने, जिंकल्यानंतर पहिली वाट कोणाच्या घराची धरावयाची, हे खाशाबांकडून शिकावे. शताब्दीचे खरे स्मारक तेच होईल.